रोमनच्या बदल्यात

माझा भाचा रोमन गुझिक आठ-नऊ वर्षं अधूनमधून रविवारी टीव्हीवर दिसायचा, पण रस्त्यात त्याला कुणी ओळखत नसे. ओळखणार कसं? दिसायचा तो वाकलेला. अमेरिकन फुटबॉलमधल्या सेंटरचं कामच तसं. ओळीच्या मधोमध उभं राहायचं, कमरेत वाकायचं, तो लांबट चेंडू दोन पायांमधून मागच्याच्या हातात द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून चालून येणारा दीडशे किलोचा माणूस छातीवर घ्यायचा. चेंडू नीट पोचला तर कौतुक मागच्याचं. निसटला तर मात्र सेंटरचं नाव गावभर. रोमनचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, यावरून तो कामाचा किती पक्का होता ते समजा.

हे काम त्याच्या नशिबी आलं ते माझ्या धाकट्या भावामुळे. कॅझ पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. कारखाना बंद पडला तेव्हा या तळ्याकाठच्या शहरातून अर्ध्या वस्तीने गाशा गुंडाळला. कॅझ हलला नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या, आमचा संघ आणि आईवेगळं पोर. पोर अंगाने दांडगं निघालं. माझ्या बारच्या मागे गाड्या लावायची जागा आहे, पलीकडे चर्चचं कुंपण. तिथे रोज संध्याकाळी कॅझ त्याच्या मागे दोन्ही हात पसरून उभा राहायचा आणि पोर वाकून चेंडू मागे द्यायचं. बर्फ पडत असलं तरी. मी मागच्या दारातून ओरडायचे, "अरे, त्याला जेवू तरी दे!"

"लू, तू तुझ्या पिएरोगीच्या करंज्या तळ," कॅझ म्हणायचा. "इकडचं मी बघतो."

आणि बघितलंही त्याने. रोमनला घेतलं ते आमच्याच संघाने. त्या दिवशी कॅझने माझ्या बारमधल्या प्रत्येकाला पाजलं, आणि पैसे मात्र मीच भरले. पुढे सगळी वर्षं रोमन बहुतेक राखीव म्हणून बाकावर बसला, पहिल्या सेंटरचा गुडघा दुखला की खेळला. त्याची तक्रार नव्हती. मॉरीनशी लग्न केलं. आम्ही पोलिश, ती आयरिश, पण मुलगी चांगली. टेस झाली. घर माझ्या बारपासून हाकेच्या अंतरावर. माणसाला आणखी काय लागतं, असं मला वाटायचं. पण माणसाला एकदा तरी पहिल्या ओळीत उभं राहावंसं वाटतं, हे मी विसरले.

गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये त्याच्या कराराची मुदत संपली आणि वाळवंटातल्या एका संघाने विचारलं. पहिला सेंटर म्हणून. रोमन गेला. मॉरीन आणि टेसही मागोमाग गेल्या आणि तिथून सगळं बिनसलं. नवीन शाळेत टेसने बोलणंच सोडलं. घरात बोलायची, शाळेच्या दारात पाऊल टाकलं की ओठ बंद. बाईंनी विचारलं तरी नाही, लागलं-खुपलं तरी नाही. नाताळच्या आधी मॉरीन तिला घेऊन परत आली आणि रोमन तिकडे एकटा राहिला. फोनवर दोघं भांडायची ते मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, कारण मॉरीन भांडायला माझ्याकडे यायची.

आता या सगळ्यात कॅझला एकच समाधान होतं आणि ते त्याने वर्षभर सगळ्यांच्या डोक्यावर थापलं. रोमन गेला, पण फुकट गेला नाही!

आमच्या या खेळात अशी रीत आहे. मुदत संपून तुमचा माणूस दुसऱ्याकडे गेला आणि त्या बदल्यात तुम्ही बाहेरून कुणी आणला नाहीत, तर पुढच्या वसंतात कॉलेजची पोरं निवडायचा जो ड्राफ्ट होतो त्यात तुम्हाला एक जास्तीची निवड मिळते. भरपाई म्हणून. गेलेला जितका महागात गेला, जितका खेळला, तितकी निवड वरच्या फेरीत. नेमकं सूत्र लीग कुणाला सांगत नाही. कॅझ मात्र ते माझ्या बारमध्ये रोज सांगायचा.

"हे बघ जेरोम," तो आमच्या टपालवाल्याला धरून बसवायचा. "समज, लूचा स्वयंपाकी जास्त पगारावर पलीकडच्या हॉटेलात गेला."

"गेलाच आहे," जेरोम म्हणायचा. "मासा खाल्ल्यावर कळतं."

"ऐक तर. आता पुढच्या वर्षी पोरांमधून नवा स्वयंपाकी निवडताना लूला एक पाळी जास्त. पण मधल्या काळात तिने दुसऱ्या हॉटेलचा स्वयंपाकी पळवून आणला, तर एक गेला, एक आला. फिट्टंफाट. ती पाळी गेली."

"आणि तिने स्वयंपाक्याला लाथ घालून हाकलला असेल तर?"

"मग काही नाही. हाकललेला मोजत नाहीत. स्वतःच्या पायाने गेलेलाच मोजतात. माझा रोमन स्वतःच्या पायाने गेला!"

त्या वर्षी आमच्या संघाने रोमनखेरीज कुणाला गमावलं नव्हतं, कुणाला आणलंही नव्हतं. त्यामुळे मार्चमध्ये सहाव्या फेरीच्या शेपटाला एक भरपाईची निवड जाहीर झाली, तेव्हा ती कुणाबद्दल हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळलं. कॅझने पेपरातलं कात्रण माझ्या गल्ल्याच्या वर चिकटवलं. मी काढायला गेले तर म्हणाला, "राहू दे लू. आपल्या घराण्यात कुणाच्या जाण्याची कुणी कधी भरपाई दिली? कारखान्याने दिली?" मी राहू दिलं.

त्याच मार्चमध्ये रोमन परत आला. त्याची वाळवंटातली मुदत एकच हंगामाची होती. ते त्याला ठेवून घ्यायला तयार होते. आणि तेव्हाच आमच्या संघातून हॅडलीचा फोन आला. हॅडली म्हणजे खेळाडूंच्या नेमणुका बघणारा साहेब. त्याला आमच्याकडे राखीव सेंटर हवा होता. रोमन हवा होता. पण लगेच नाही.

रोमनने मला ते सांगितलं तेव्हा ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार होता, मटण वर्ज्य म्हणून मी मासे पिठात घोळवत होते आणि बाहेर दारापर्यंत रांग होती.

"आत्या, आपला तो मोठा खेळाडू गेला ना दुसरीकडे, त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षी तिसऱ्या फेरीची निवड मिळणार आहे यांना. मला आत्ता घेतलं तर एक गेला, एक आला होईल. ती निवड जाईल."

"मग?"

"ड्राफ्टनंतरच्या सोमवारी चार वाजता मुदत संपते. त्यानंतर कुणालाही घेतलं तरी हिशोबात धरत नाहीत. तेव्हा घेतो म्हणतात."

"म्हणजे तू दीड-दोन महिने हात चोळत बसायचं? लिहून तरी दिलंय का?"

"तसं लिहून देता येत नाही. नियमात बसत नाही."

"नियमात बसत नाही! त्यांची निवड नियमात बसते, तू बसत नाहीस." मी एवढं बोलले आणि मासा तेलात सोडला. तो रांगेकडे बघत उभा राहिला. एवढा थोरला माणूस, पण खांदे पाडून उभा राहिला की मला तो शाळेतला दिसायचा.

वाळवंटवाल्यांना उत्तर चार दिवसांत हवं होतं. मॉरीनने त्याला सरळ सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं. "टेस इथल्या शाळेत पुन्हा बोलायला लागली आहे. मी तिला आता हलवणार नाही. तू एकटा जाणार असशील तर जा, पण मग घर म्हणून इकडे परत येऊ नकोस. मला पुन्हा फोनवरचा नवरा नको."

"खेळ सोडू म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं सोड? इथे खेळ ना. इथे खेळलास तर मी बर्फात उभी राहून ओरडेन."

रोमनने वाळवंटवाल्यांना नाही कळवलं. त्या नाहीवर त्याचं सगळं टांगलेलं होतं. सोमवारी हॅडलीने घेतलं तर बायको, पोर आणि खेळ, तिन्ही. नाहीतर त्यातलं काहीतरी जाणार, आणि काय जाणार हे ठरवायची पाळी त्याच्यावरच येणार.

मग सुरू झालं ते वाट बघणं. देवाने कुणाला अशी वाट बघायला लावू नये. संघाच्या मैदानावर त्याला पाय ठेवता येईना, कारण तो कुणाचाच नव्हता. मग पुन्हा माझ्या बारमागची ती जागा. तिशी उलटलेलं पोर वाकायचं आणि मागे सत्तरीकडे झुकलेला बाप, कमरेचं हाड बदललेला, हात पसरून उभा. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर चेंडू. मधल्या वेळात रोमन जेरोमची टपालाची गाडी न्यूट्रलमध्ये टाकून कुंपणापर्यंत ढकलत न्यायचा आणि जेरोम आत बसून हॉर्न वाजवायचा.

एके सकाळी कॅझला कॉफीचा कप उचलता येईना. डाव्या हाताचा अंगठा वांग्यासारखा सुजून काळानिळा. मी विचारलं तर म्हणाला दारात सापडला. मी काय खुळी आहे? चेंडू लागून हाड मोडलं होतं आणि हा माणूस तसाच चेंडू झेलत होता.

"रोमनला सांगू नकोस," तो म्हणाला. "तो हळू द्यायला लागेल. हळू द्यायची सवय लागली तर सोमवारनंतर काय करेल?"

ईस्टरला सगळे माझ्याकडे जेवले. टेबलावर रीतीप्रमाणे लोण्याचं कोकरू घडवून ठेवलं होतं, टेसने त्याचं डोकं सुरीने उडवलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा आता इथेच खेळणार, मी वर्गात सांगितलंय." बोलत नव्हती ती पोर वर्गात उभी राहून हे बोलली होती. मॉरीनने रोमनकडे पाहिलं. रोमनचा घास तोंडात तसाच राहिला. रात्रीची झोप तर त्याची केव्हाच उडाली होती, डोळ्यांखाली खळगे पडले होते. फोन खिशात वाजला की तो असा उठायचा की खुर्ची उलटी.

आणि अशात कॅझच्या डोक्यात आलं की रोमनच्या निवडीची मेजवानी करायची.

ड्राफ्टचा शनिवार. शेवटच्या फेऱ्या त्या दिवशी दुपारभर चालतात. शहाणी माणसं त्या बघत नाहीत. सहाव्या फेरीच्या शेपटाला तर नुसती नावं टीव्हीच्या खालच्या पट्टीवर सरकत जातात. पण त्या शनिवारी माझा बार गच्च भरला. कॅझने रोमनची जुनी जर्सी चढवली होती, पोटावर ताणून. केक आणला होता, त्यावर साखरेने त्या निवडीचा आकडा. मी म्हटलं, "कॅझ, पोराचं अजून काही ठरलं नाही आणि तू केक कसला कापतोस?"

"सोमवारी ठरतंय ना! लू, विचार कर. तो गेला म्हणून एक पोरगा मिळणार आणि सोमवारी तो स्वतःही परत. म्हणजे मुद्दलही घरी आणि व्याजही घरी. असं कुणाचं झालंय?"

रोमन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता, मॉरीन त्याच्या शेजारी. लोक येऊन पाठीवर थापा मारत होते. "काय रोमन, तुझ्या बदल्यात कोण मागायचा? पळणारा की झेलणारा?" "मला विचाराल तर चेंडूला लाथ मारणारा घ्या, आपल्याचा नेम असा की चर्चच्या सगळ्या काचा फोडील!" रोमन हसत होता. बऱ्याच दिवसांनी हसत होता, हे मी बिअर भरता भरता पाहिलं आणि मलाही बरं वाटलं. माझाही जीव भोळा, काय सांगू.

दुपार कलली. सहावी फेरी संपत आली. पट्टीवर आमच्या संघाचं चिन्ह आलं आणि पुढे तो आकडा, केकवर होता तोच. कॅझ स्टुलावर चढला. त्या कमरेच्या हाडानिशी चढला. आणि छप्पर उडेल असा ओरडला, "ही माझ्या रोमनची निवड! माझ्या रोमनची!"

मग सगळेच ओरडले. पेले आपटले, शिट्ट्या मारल्या, कुणीतरी टोपी फेकली ती केकमध्ये पडली. आरडाओरडा चालू असतानाच पट्टीवर नाव सरकलं. टकर लिंडहोम. आयोवातल्या कुठल्याशा कॉलेजचा. आणि नावापुढे त्याची जागा.

सेंटर.

पुढे बसलेल्यांनी आधी वाचलं आणि ते गप्प झाले. मग मधले. दाराशी उभे होते ते शेवटपर्यंत ओरडत राहिले, मग त्यांनाही कुणीतरी कोपराने ढोसलं. कॅझ स्टुलावर उभाच. त्याला लांबची बारीक अक्षरं दिसत नाहीत. "काय? कोण आलं? सांगा की!" तो विचारत राहिला आणि कुणी सांगेना. शेवटी रोमननेच सांगितलं.

"सेंटर घेतलाय, बाबा."

"कुठला सेंटर?"

"माझ्या जागी."

टीव्हीवर त्या पोराचा एक तुकडा दाखवत होते. वाकतोय, चेंडू देतोय. रोमन नीट बघत होता. "चांगला आहे," तो म्हणाला. "हात मोठे आहेत. डावा पाय थोडा उशिरा उचलतो, पण ते सुधारता येतं." एवढं बोलून तो उठला आणि फोन घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला. वाळवंटवाल्यांना फोन लावला, हे नंतर कळलं. त्यांची जागा केव्हाच भरली होती.

मॉरीन माझ्याकडे आली आणि तिने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "लू, अजून सोमवार आहे ना? दोघं पण ठेवतात ना कधी कधी?"

"ठेवतात की," मी म्हटलं. मला काय ठाऊक ठेवतात का!

कॅझला जेरोमने धरून खाली उतरवला. केक कुणी कापला नाही. लोक एकेक करून निघाले, माझ्याकडे न बघता, मयताच्या घरातून निघतात तसे.

सोमवारी माझा बार बंद असतो. तरी तीन वाजल्यापासून आम्ही चौघं आत बसलो होतो. टेस शाळेतून चर्चच्या बायकांकडे गेली होती. रोमनने फोन बारवर मधोमध ठेवला होता. कॅझने दाढी केली होती आणि ठेवणीतला कोट घातला होता, जणू हॅडली फोनमधून बाहेर येणार होता. चार वाजले. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दुसरीकडे कुठे बघतच नव्हते.

मग फोन वाजला. कॅझला ऐकू यावं म्हणून रोमनने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"रोमन, मी हॅडली. कसा आहेस? घरचे बरे?"

"बरे आहेत, सर."

"हे बघ, मी शब्दाचा माणूस आहे म्हणून स्वतः फोन केला. तू थांबलास त्याचा इथे सगळ्यांना आदर आहे. पण शनिवारी तो मुलगा आमच्या पदरात पडला. आम्हाला वाटलं नव्हतं तो तिथपर्यंत शिल्लक राहील. आता तिसऱ्या सेंटरला जागा नाही."

रोमनने फोन थोडा बापाकडे सरकवला.

"आणि गंमत म्हणजे तो तुझ्याच बदल्यात मिळालाय. म्हणजे तू गेलास तेव्हाही संघाचं भलं केलंस आणि थांबलास तेव्हाही. तिसऱ्या फेरीची ती निवड वाचली."

"आभारी आहे, सर," रोमन म्हणाला आणि फोन बंद केला.

माझं डोकंच फिरलं. "आभारी? कसले आभार मानतोस रे त्या मेल्याचे? दोन महिने तुला दारात कुत्र्यासारखा बसवला आणि वर उपकार सांगतो!"

"आत्या, दुसरं काय म्हणतात ते मला सुचलं नाही."

 कॅझ कोटाचं बटण लावत होता आणि काढत होता. अंगठ्यामुळे ते धड लागतही नव्हतं.

 मी सूप गरम केलं, कुणी प्यायलं नाही. आणि ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन पुन्हा वाजला. नंबर अनोळखी. रोमनने पुन्हा मोठ्या आवाजावर टाकला, सवयीने.

दक्षिणेतला कुठला तरी संघ होता. बोलणारा घाईत होता. "गुझिक? अजून मोकळा आहेस का? तुझ्यावर आमची मार्चपासून नजर होती, पण तेव्हा घेतलं असतं तर आमची एक निवड जात होती. आता तुझा काही हिशोबच नाही. उद्या सकाळच्या विमानाने ये, तपासणी झाली की सही करू. राखीव म्हणून नाही. आमचा पहिला सेंटर जायबंदी आहे, तू पहिला खेळशील."

कॅझ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "पहिला!" तो नुसत्या ओठांनी म्हणाला. "रोमन, पहिला!"

 मॉरीनने खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, गाडीची किल्ली घेतली आणि दाराकडे गेली. रागाने नाही. तिच्या चालण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती अशी निघाली होती, जणू तिला उत्तर ठाऊक आहे.

"गुझिक? आहेस का?" फोनमधला माणूस म्हणाला.

रोमनने दोन्ही पंजे बारवर उताणे ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. वेडीवाकडी झालेली बोटं, सगळी मोडून जुळलेली. मग तो म्हणाला, "नाही. मी येत नाही."

"नक्की? असा फोन पुन्हा यायचा नाही."

"ठाऊक आहे."

मॉरीन दारातच थांबली. कॅझ हळूच खाली बसला, हातरुमाल शोधायला लागला आणि सापडेना म्हणून कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. रोमन उठला. मला वाटलं तो मॉरीनकडे जाईल. तो तळघराचा जिना उतरून खाली गेला, माझी बिअरची पिंपं असतात तिथे, आणि त्याने दार लावून घेतलं. आणि मग आतून जो आवाज आला तो मी पुन्हा ऐकणार नाही अशी आशा करते. रडणं नव्हतं ते. भट्टीवर एकदा एकाचा पाय सापडला होता तेव्हा कॅझने येऊन सांगितलं होतं की माणूस कसा ओरडला. ते मला त्या दिवशी समजलं. मॉरीन खाली गेली आणि दाराबाहेर पायरीवर बसून राहिली. तिला आत घेतलं नाही बराच वेळ. मग घेतलं.

"मीच ओरडलो ना," कॅझ मला म्हणाला. "शनिवारी. वर चढून मीच ओरडलो. माझ्या पोराची जागा गेली आणि मी टाळ्या वाजवल्या."

"तुला काय माहीत होतं रे?"

"केक आणला मी, लू."

मी त्याच्या शेजारी बसले.  माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा संघाबद्दल गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने गल्ल्यावरचं कात्रण काढलं, चिकटपट्टीसकट, भिंतीचा रंग उडाला तिथे अजून दिसतो.

रोमनला उन्हाळ्यात शाळेच्या पोरांना शिकवायचं काम मिळालं, दुपारी माझ्या बारमध्ये पिंपं उचलतो. मॉरीनशी बरं आहे. टेसची बडबड थांबत नाही. चांगलं झालं म्हणतात लोक, आणि म्हणू देत. मी त्याला रविवारी बघते. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो, दोन घोटांवर सामना काढतो, आणि खेळ सुरू झाला की त्याचा उजवा हात बारच्या खाली जातो, चेंडू धरल्यासारखा.  त्याला विचारायची कुणाची हिंमत नाही.

ऑक्टोबरात एका रविवारी आमच्या पहिल्या सेंटरचा घोटा मुरगळला आणि तो पोरगा, लिंडहोम, मैदानात आला.  सामना अटीतटीचा, आणि सगळे चोरून रोमनकडे बघतायत, आता ओरडायचं की नाही? पोरगा वाकला. चेंडू गेला तो असा स्वच्छ गेला, आणि त्याने समोरच्याला असा उचलून बाजूला टाकला की मागच्याला अख्खं मैदान मोकळं मिळालं. गुण झाला. आम्ही जिंकलो. आणि माझा बार गप्प! असं माझ्या बारमध्ये कधी झालं नव्हतं.

रोमनने बारखालचा हात वर घेतला. "डावा पाय आता वेळेवर उचलतो," तो म्हणाला. मग तो बापाकडे वळला. कॅझ भिंतीकडे तोंड करून बसला होता, तिथे कात्रण होतं त्या जागेकडे.

"बाबा, ओरडा की," रोमन म्हणाला. "माझी निवड आहे ती."

कॅझने तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही.